देवाघरच्या यादीत सावेता

३ मार्च, सोमवार

ईस्टरच्या आधीचा मोठा उपास आजपासून. काल फादर नेस्टोरनी चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात एकेक शाळकरी वही ठेवली. रोज आपापलं पाप लिहून ठेवायचं, म्हणजे ईस्टरच्या आधी कबुलीला याल तेव्हा आठवत बसायला नको, असं म्हणाले. पोरगं तिशीचं असेल नसेल, गेल्या पानगळीत सुचावा शहरातून आमच्या गावात आलं आणि आल्यापासून नुसती झाडलोट चालली आहे. आधीचे म्हातारे फादर असे नव्हते. आपण गुडघे टेकायचे, त्यांनी माफीची खूण म्हणून आपल्या डोक्यावर गळपट्टा टाकून "नेहमीचंच ना, अग्लाया?" विचारायचं, आपण "नेहमीचंच" म्हणायचं आणि घरी यायचं. तीस वर्षं असं चाललं, कुणाचं काही अडलं नाही.

आता दिली आहे वही तर लिहीन. आजचं पाप: काही नाही. सकाळी बटाटे उकडले, दुपारी झोपले, संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या. यात पाप कुठून आणू?

५ मार्च, बुधवार

आजचं पाप: कातिंकाच्या घरातून चीज भाजल्याचा वास आला. दूधदुभतं वर्ज्य, उपासाचा तिसरा दिवस, आणि शेजारीण चीज खाते. मी कुंपणाशी चांगली दहा मिनिटं उभी राहून खात्री करून घेतली. लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

८ मार्च, शनिवार

उपासातला पहिला शनिवार, म्हणजे गेलेल्यांचा. काल दिवसभर गेलेल्यांच्या नावानं वाटायचा कोलिवा करण्यात गेला. गहू नऊ पाण्यांतून काढले, उकडले, अक्रोड घातले, वर पिठीसाखरेचा थर देऊन क्रूस काढला. सगळ्या टेबलावर माझाच उठून दिसत होता. ही बढाई नाही, दिसत होता तर दिसत होता.

मग नेहमीप्रमाणे प्रार्थनेसाठी नावांच्या चिठ्ठ्या. एका बाजूला जिवंत, दुसऱ्या बाजूला देवाघरचे. गायक तानासे आपल्या नाकातल्या आवाजात एकेक चिठ्ठी वाचत जातो. माझी आली: "गियोर्गे, रुक्सांद्रा, वासिले, सावेता." माझे वडील, माझी आई, माझा नवरा आणि सावेता. चिठ्ठीवर फक्त बाप्तिस्म्याचं नाव असतं, आडनाव नसतं, ते एक बरं आहे.

फादर म्हणाले आहेत की वही कुणी वाचणार नाही, मनातलं सगळं लिहा. तर लिहिते. सावेता मेलेली नाही. ती माझी मोठी बहीण आहे, ओढ्यापलीकडे राहते, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि आज चर्चमधल्या शेगडीजवळ उभी राहून माझा कोलिवा खात होती. एकोणीस वर्षं आम्ही बोलत नाही. एकोणीस वर्षं मी तिचं नाव देवाघरच्या बाजूला लिहिते. जिवंत माणसाचं नाव तिकडे लिहिलं की ते माणूस झुरत जातं म्हणतात. सावेता झुरली वगैरे काही नाही. दरवर्षी कोट पोटावर आणखी घट्ट होतो तिचा.

मेली एक शनिवार चुकवत नाही. तिकडे शेगडीजवळ उभी राहते, सगळ्या चिठ्ठ्या संपेपर्यंत हलत नाही, मग वाटीभर खाते आणि जाते. स्वतः कधी मूठभर गहू शिजवून आणले नाहीत. खादाडपणा हे मोठ्या पापांत येतं, फादरना विचारून घेते.

११ मार्च, मंगळवार

आज भलतंच झालं. फादर नेस्टोर घरी आले. हातात कागद, कागदावर कब्रस्तानाचा नकाशा. ईस्टरनंतर प्रत्येक कबरीवर धूप फिरवायचा आहे म्हणून कोण कुठे आहे ते मांडत बसले आहेत. गियोर्गे सापडले, रुक्सांद्रा सापडली, वासिले सापडला. "आणि सावेता कुठे आहे, मावशी?"

मी म्हटलं, ओढ्यापलीकडे.

"ओढ्यापलीकडे कब्रस्तान आहे?"

"जुनं आहे," मी म्हटलं. "मोडकळीला आलंय."

त्यांनी लिहून घेतलं. लिहिताना खोकला आल्यासारखं केलं आणि तोंडावर रुमाल धरला. हा उपास तरुण माणसांना सोसत नाही. मी त्यांना लिंडेन झाडाच्या फुलांचा काढा दिला.

आजचं पाप: खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. ती ओढ्यापलीकडेच आहे.

१५ मार्च, शनिवार

सावेतानं आज दोन वाट्या खाल्ल्या.

१९ मार्च, बुधवार

कबुलीला गेले. वही बरोबर नेली आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवली. कातिंकाचं चीज, तानासेचं बेसूर गाणं, दुकानदाराची उपासातली शिवीगाळ, सावेताच्या दोन वाट्या. अर्धी वही झाल्यावर फादरनी हात वर केला. मग म्हणाले, "मावशी, ही तर सगळ्या गावाची कबुली झाली. त्यांचं त्यांना करू द्या की. तुमचं काय?"

मी म्हटलं, नेहमीचंच.

"नेहमीचं म्हणजे काय?"

आता हे काय विचारणं झालं? सांगायला तर हवं काहीतरी. मी म्हटलं, माझ्या मनात कधीकधी राग येतो. कुणाचा? एका बाईचा. जिवंत बाईचा की मेलेलीचा? असं विचारलं त्यांनी. ते बिचारे सहज विचारत असतील, नकाशाचं डोक्यात असेल. मी उठून घरी आले. गळपट्टा डोक्यावर न घेता कबुलीहून परत यायची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. ईस्टरला सगळं गाव प्रभूभोजन घेणार, आणि माफी न मिळालेली अग्लाया खांबाला टेकून बघत राहणार. मला एकाहत्तरावं चालू आहे. असे किती ईस्टर उरले असतील?

२२ मार्च, शनिवार

चिठ्ठी लिहायला बसले आणि सावेताच्या नावापाशी पेन थांबलं. मग लिहिलंच. का लिहिलं तेही लिहिते.

आई मेणबत्तीशिवाय गेली. मरणाऱ्या माणसाच्या हातात पेटती मेणबत्ती द्यायची असते, एवढं तर लेकरालाही कळतं. उजेड नाही तर पुढची वाट दिसणार कशी? सावेता आईजवळ होती. लग्न केलं नाही, आईबरोबरच राहायची, म्हणजे काम तिचंच. आणि ती झोपली. खुर्चीत बसल्या बसल्या झोपली, आणि जागी झाली तेव्हा आई थंड. मेणबत्ती खिडकीत तशीच पडलेली, वातसुद्धा काळी झाली नव्हती. मी बुधवारी सकाळी पोचले तर हे असं. मी तिथेच आईच्या पायाशी उभी राहून तिला म्हटलं, आजपासून तूही मेलीस मला.

तीन दिवस आणि तीन रात्री ती जागी होती असं नंतर कुणीतरी सांगत होतं. असेल. एकाच माणसानं तीन रात्री जागू नये, कबूल. मी मंगळवारी दुपारपर्यंत येऊन तिला सुट्टी देणार होते. पण तिकडे वासिलेच्या भाचीचं लग्न होतं आणि वाढायला माणसं कमी होती.

२५ मार्च, मंगळवार

देवदूतानं मारियेला निरोप दिला तो दिवस. उपास असूनही आज मासळी चालते. कार्प तळला, पण जेवण गेलं नाही.

२९ मार्च, शनिवार

सावेता आली नाही.

मी तीनदा वळून शेगडीकडे पाहिलं. तानासेनं माझी चिठ्ठी वाचली, चारही नावं, आणि तिथे शेगडीजवळ कुणीच नव्हतं. कोलिव्याची परात तशीच अर्धी घरी आणली.

माझं काय जातंय. आली नाही तर नाही.

१ एप्रिल, मंगळवार

कातिंकाकडून कळलं. सावेता आठवडाभर अंथरुणाला खिळली आहे, छातीत कफ साठलाय, ताप उतरत नाही, डॉक्टर शहरात चला म्हणाला तर नाही म्हणाली. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोण उठतंय गं त्यातून," असं म्हणून कातिंकानं क्रूसाची खूण केली आणि बटाटे सोलत राहिली.

मी तिच्याकडून तडक निघाले. एकोणीस वर्षं काही झालं नाही आणि आता? देवानं माझ्या चिठ्ठ्या साठवून ठेवल्या होत्या की काय? मी घरी येऊन नवी चिठ्ठी घेतली आणि सावेताला जिवंतांच्या बाजूला लिहिलं. मग वाटलं, एकदम तिकडून काढलं तर आधी लिहिलेल्याचं काय होईल, कुणास ठाऊक. म्हणून दोन्ही बाजूंना लिहिलं. मग ते बघून मलाच वेड लागायची पाळी आली. चिठ्ठी चुलीत टाकली. टाकल्यावर लक्षात आलं की नाव जाळलं. आता नाव जाळल्यानं काय होतं ते कुणाला विचारू?

फादरना विचारायला हवं. दुसरा इलाज नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. सगळं सांगितलं. गुडघे दुखत होते, पण उठले नाही. चिठ्ठीचं सांगितलं, ओढ्यापलीकडच्या कब्रस्तानाचं सांगितलं, आणि म्हटलं, फादर, आधी ते उलटं करा, मग मला काय शिक्षा द्यायची ती द्या.

ते हसले. मला वाटलं होतं संतापून उठून उभे राहतील, तर ते हसले. म्हणाले, "मावशी, देव तुमच्या चिठ्ठीवर चालला असता तर या गावात एक माणूस उरला नसता. असल्या चिठ्ठ्या तुम्ही एकट्याच लिहिता असं वाटतं तुम्हाला?" मग म्हणाले की बघा, एकोणीस वर्षं दर उपासात तुम्ही गहू निवडलेत, अक्रोड कुटलेत आणि बहिणीसाठी देवापुढे प्रार्थना करवलीत. तुम्ही ती कशासाठी केलीत ते देवानं बाजूला ठेवलं असेल आणि प्रार्थना तेवढी घेतली असेल.

मी म्हटलं, म्हणजे तिची तब्येत एवढी ठणठणीत होती ती माझ्यामुळे? तर म्हणाले, "नाकारता येणार नाही." या पोराला काही पोच आहे की नाही!

मग मी लग्नाचं सांगितलं. ते म्हाताऱ्या फादरनाही कधी सांगितलं नव्हतं. वाढायला माणसं पुष्कळ होती. सोमवारी रात्रीच वाढप आटपलं होतं. मंगळवारी मी थांबले ते नाचायला. वासिले भावांबरोबर पिऊन पडला होता, मला कुणी अडवणारं नव्हतं, फ्लूट आणि ढोल होता, आणि मी पन्नाशी उलटलेली बाई सोळा वर्षांच्या पोरीसारखी संध्याकाळपर्यंत नाचले. मला आठवत होतं की जायचंय. प्रत्येक गाण्यानंतर म्हणत होते, हे एक झालं की निघते. तेवढ्यात इकडे आई गेली. हे बोलताना मला हुंदका आवरेना. एकोणीस वर्षं सावेताच्या झोपेवर बोट ठेवून होते, कारण बोट उचललं असतं तर खाली माझा नाच दिसला असता.

फादर आता हसत नव्हते. त्यांनी गळपट्टा माझ्या डोक्यावर टाकला, हात ठेवला आणि क्षमेची प्रार्थना म्हटली. मी वाट पाहत राहिले. मग विचारलं, शिक्षा?

"शिक्षा काही नाही. माफ झालं."

"शंभर दंडवत?"

"तुमच्या गुडघ्यांना शंभर?"

"निदान चाळीस दिवस कोरडी भाकरी?"

"मावशी, माफ झालंय. तुम्ही किंमत द्यायला बघताय, पण ती द्यायचीच नाहीये. आता घरी जा."

मी घरी आले ती धुसफुसत. हे काय माफ करणं झालं? एकोणीस वर्षांचं पाप, आणि हे पोर पाच मिनिटांत मोकळं करतं? चीज खाल्लं तर माझ्या लहानपणी पन्नास दंडवत पडायचे. काही भरलं नाही, काही सोसलं नाही, आणि म्हणे झालं. असं फुकटचं मला पेलवत नाही. दोन वेळा परत जायला निघाले आणि फाटकापासून मागे फिरले.

५ एप्रिल, शनिवार

आज चिठ्ठीवर देवाघरच्या बाजूला तीनच नावं. सावेताला जिवंतांच्या बाजूला लिहिलं.

आणि तानासे! चिठ्ठी हातात धरून, डोळे छताला लावून, नाकातून: "गियोर्गे, रुक्सांद्रा, वासिले, सावेता." त्या बाजूला नसलेलं नाव त्यानं पाठ म्हटलं. एकोणीस वर्षांची सवय मेल्याची. मी तिथल्या तिथे ओरडणार होते, "नाही, नाही, ती नाही!" फादरनी खाकरून चिठ्ठीवर बोट ठेवलं, तानासे गडबडला, पण नाव तर जाऊन चुकलं होतं. चर्चमधल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आश्चर्यानं नाही हं. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक असल्यासारख्या बघत होत्या. ते कसं काय, मला कळत नाही.

सावेता आजही आली नाही. मी चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिले. देवानं मला माफ केलं म्हणे, पण ओढ्यापलीकडे जायला माझे पाय धजत नाहीत. आणि मी पोचायच्या आत ती गेली तर? एकदा मी उशिरा पोचले आहेच.

६ एप्रिल, रविवार

प्रार्थना संपल्यावर घरी येऊन न बसता घेवड्याचं सूप डब्यात भरलं आणि गेले. ओढ्यावरची फळी ओलांडताना मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, आधी हे म्हणायचं, मग ते म्हणायचं.

दार उघडंच होतं. सावेता तीन उशा पाठीशी घेऊन बसली होती, चेहरा मेणासारखा, अंगावरचा कोट आता ढगळ झालेला. मला पाहून म्हणाली, "ये, अग्ला. मेलेल्यांच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढं लक्षात ठेवलंस."

मी डबा हातात घेऊन तशीच उभी. विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं कुणी? गियोर्गे, रुक्सांद्रा, वासिले. आपले बाबा, आपली आई आणि तुझा नवरा एका चिठ्ठीत दुसरं कोण घालणार? साऱ्या गावाला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी, वासिले चिठ्ठीत यायच्या आधी, ऐकलं तेव्हा वाटलं, तिथेच तुझ्या झिंज्या उपटाव्यात."

"मग उपटल्या का नाहीस?"

तिला खोकला आला. खूप वेळ खोकली, मी पाठ चोळली. हाडं लागत होती हाताला. मग म्हणाली की दुसऱ्या वर्षी ती नुसती बघायला आली, नाव अजून आहे की काढलं. तिसऱ्या वर्षीही. नंतर सवयच लागली. "मला ना नवरा ना पोर. कुणाच्या जिवंतांत मी नव्हते, अग्ला. अख्ख्या गावात माझं नाव मोठ्यानं वाचायला लावणारी तू एकटीच होतीस. म्हटलं, विसरली तर नाही ना ती मला. शेगडीजवळून नीट ऐकू येतं."

माझ्या मनात जुळवलेलं सगळं विस्कटलं. मी तिच्या पलंगाशी खाली बसले आणि जसं आलं तसं बोलले, लग्नाचं, नाचाचं, मंगळवारचं. म्हटलं, ताई, मला माफ कर. ताई म्हटल्याला एकोणीस वर्षं झाली होती.

ती म्हणाली, "मंगळवारचं मला ठाऊक आहे. मीच तर खिडकीशी बसून वाट बघत होते." तिनं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आईनं विचारलं होतं, अग्ला कुठंय. मी म्हटलं लग्नात आहे, निरोप धाडते. तर म्हणाली, नको. नाचू दे तिला. वासिले कुठे बाहेर पडू देतो पोरीला. एक दिवस मिळालाय, नाचू दे."

मी मान वर केली. मी म्हटलं, हे तू एकोणीस वर्षं मला सांगितलं नाहीस?

"मेलेली माणसं बोलतात होय?" सावेता म्हणाली. तोंडावर हसू होतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सांगितलं असतं तर तू सुटली असतीस. मला तू सुटायला नको होतीस. आता तूच मला माफ कर."

आम्ही दोघी चांगल्या मोठ्यानं रडलो. म्हणजे मी निघायच्या आधीच, मी तिकडे नाचत होते तेव्हाच, आईनं मला सोडलं होतं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं. आणि मी त्या सोडलेल्या गुन्ह्यासाठी बहिणीला एकोणीस वर्षं पुरत होते.

सूप तिनं अर्धी वाटी घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाली. कमी नव्हतं. सोमवारी डॉक्टरला बोलवायला कबूल झाली आहे, शहरात जायलाही तयार आहे, मी बरोबर असेन तर. मी आज इथेच आहे, आईच्या जुन्या खोलीत. ताप उतरलेला नाही. पण मघाशी डोळे मिटता मिटता तिनं मला बजावलं, शनिवारी चिठ्ठी लिहिशील तेव्हा मला जिवंतांत घाल, आणि तुझ्या नावाच्या वर घाल, मी मोठी आहे.